डोंगराला सोडलेलं जनावर

लाल कडा, हिवाळी तळ
३ नोव्हेंबर

गोंचिग,

हिवाळा बरा लागला ना? अंगात मेंढीचं कातडं घालतोस, की त्या परदेशी लोकांनी दिलेलं फुगीर जाकीट घालून मिरवतोस? तुझी जनावरं कशी आहेत हे विचारायचीसुद्धा सोय नाही, कारण तुझ्याकडे जनावरंच नाहीत. आईवडिलांनी मेंढ्या राखायला शिकवलं आणि हा पठ्ठ्या पगार घेऊन मांजरं राखायला गेला! असो. पोट भरतंय ना, मग झालं.

आम्ही दहा दिवसांपूर्वी लाल कड्याखाली उतरलो. गवत यंदा कमीच आहे. तुझ्या भाचीचे, खोर्लोचे, पुढचे दोन दात पडलेत, दिवसभर त्या फटीतून शिट्टी वाजवत फिरते. सहा वर्षांची झाली तरी पोरकटपणा जात नाही. आणि एक गोष्ट तुला अजून कळवली नव्हती. मला सहावा महिना चालू आहे. हे कुणासमोर मोठ्याने वाचू नकोस. मागच्या खेपेला काय झालं ते तुला माहीत आहे. चाळीस दिवसांचं लेकरू या हातांत गार झालं होतं. म्हणून या वेळी कुणालाच सांगितलेलं नाही.

आता ज्यासाठी कागद हातात घेतलाय ते सांगते.

परवा उजाडताना कुत्रं अंगात आल्यासारखं भुंकायला लागलं. तुझे दाजी बंदूक घेऊन धावले. मी चहा ढवळत होते, तशीच हातातल्या डावासकट त्यांच्या मागे गेले. मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर ते जनावर बसलं होतं. नाव लिहीत नाही, खैरखान डोंगराच्या अगदी पायाशी राहतोय आम्ही, त्याच्या जनावराचं नाव घ्यायचं नसतं. तुझी ती बर्फातली ठिपकेवाली राखाडी मांजरं, समज. आत दोन मेंढ्या पडल्या होत्या. दाजींनी बंदूक खांद्याला लावली. त्यांचा नेम कधी चुकत नाही, तुला माहीत आहे. मी कानावर हात ठेवले. आवाजच नाही. बघते तर नळी हळूहळू खाली येत होती.

"सेवजिद," ते म्हणाले, "गळा बघ तिचा."

तिच्या गळ्याला निळी रेशमी पट्टी होती रे! दोन बोटं रुंद, गाठ मारलेली, केसांत अर्धी बुडालेली. डोंगराला सोडलेल्या घोड्याच्या मानेला असते तश्शी. तिने आमच्याकडे पाहिलं, अजिबात घाई न करता उतरली आणि खडकांत गेली.

डोंगराला सोडलेला घोडा मी पाहिलाय. बोकड पाहिलाय. आपल्या आजोबांनी सोडलेला पांढरा याकही आठवतो, त्याला कुणी काठीसुद्धा दाखवत नसे. पण हे जनावर कोण सोडणार? त्याला धरणार कोण? त्याच्या गळ्यात हात घालून गाठ मारणार कोण? माणसाचं काम आहे का ते? दाजी म्हणतात, ती माणसाने बांधलेलीच नाही. बंदूक लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून पेटीमागे ठेवून दिलीय.

तू त्या बाजूला हिंडतोस. अशा जनावराबद्दल कुठे ऐकलंस का? मला भीती वाटते, गोंचिग. उगाच लिहीत नाही. ट्रकवाल्या बालदानकडे पत्र देतेय, उत्तर त्याच्याचकडे दे.

तुझी ताई,
सेवजिद

---

संशोधकांचा तळ, दक्षिण दरी
२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

सहावा महिना! मी वाचलं ते गिळूनच टाकलं, तोंडातून अक्षर बाहेर काढलं नाही. पण आनंदाने एक कप खारा चहा जास्त प्यालो. जाकीट मिरवतो, कबूल. तुला पाठवू का एक? दाजी म्हणतील, बायकोऐवजी उशी येऊन बसली गेरच्या तंबूत.

तुझं पत्र वाचून मी काय केलं सांगू? उडी मारली. ताई, घाबरू नकोस गं! तिला मी ओळखतो. सहा वर्षांची मादी आहे, सदतीस किलोची, डाव्या कानाला चीर आहे. जूनमध्ये हिला दोन पिल्लं झाली. सात-आठ दिवस डोळे मिटलेलेच असतात त्यांचे, कपारीत आईच्याच पोटाच्या केसांवर पडून असतात. आता पाच महिन्यांची झाली, आईमागून चालतात, पण शिकार त्यांना येत नाही. पुढच्या वर्षीचा हिवाळा लागेपर्यंत आईच्याच जिवावर. म्हणजे एक आई आणि तीन तोंडं. मार्मोट बिळात झोपायला गेले की रानबोकडांशिवाय तिला काही उरत नाही. ती बोकडांमागून खाली येते, आणि बोकड यंदा तुमच्या लाल कड्याकडे उतरलेत. एवढीच गोष्ट आहे.

आणि पट्टीचं म्हणशील तर, हो, ती खरीच आहे. ती डोंगराला सोडलेलीच आहे. इकडच्या दरीत एका म्हाताऱ्याने मंत्र म्हणून, दूध शिंपडून सोडली तिला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा दाजींना सांग, बंदूक पेटीमागे ठेवलीत ते फार शहाणपणाचं केलंत. तिला हात लावायचा नाही. अशा जनावराची पायधूळ लागली तर घराची भरभराटच होते, असं तो म्हातारा म्हणाला.

माणसाच्या अंगावर ती येत नाही. आजवर आलेलं मी तरी ऐकलं नाही. लांबून बघते आणि जाते. खोर्लोला म्हणावं, शिट्टी वाजव, ती पळेल.

तुझा,
गोंचिग

---

लाल कडा
९ डिसेंबर

गोंचिग,

तुझं पत्र मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ते उभे राहिले, टोपी घातली आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा मेंढवाड्याचं दार उखडून बाजूला टाकलेलं होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "तुझा भाऊ शपथेवर लिहितोय, सोडलेलं जनावर आहे. मग त्याच्या वाटेत दार कसं ठेवायचं?"

आजोबांचा याक आपल्या गवताच्या गंजीत शिरायचा, तेव्हा आजोबा बाजूला होऊन उभेच राहायचे ना. आपल्याला तेच शिकवलंय.

तर मग ऐक, तुझ्या त्या भरभराटीची बातमी. ती चार वेळा आली. पहिल्यांदा एक मेंढी नेली, ठीक आहे म्हटलं. दुसऱ्यांदा आत शिरली तेव्हा मेंढ्या बिथरल्या, एकमेकींवर चढायला लागल्या, आणि ती जी सुटली ती थांबेचना. हललं की धर, हललं की धर. अकरा पडल्या. खाल्ली एकच. भुंकून अपमान होऊ नये म्हणून दाजींनी कुत्र्याला तोंड बांधून खुंट्याला जखडलं होतं. त्याला पळता आलं नाही. पिल्लांनी त्याच्यावर हात साफ केला. खोर्लोने ते पाहिलं. तेव्हापासून पोरगी शिट्टी वाजवत नाही, आणि मी चुलीकडे वळले तरी माझ्या अंगरख्याचं टोक सोडत नाही.

चौथ्यांदा मी एकटी होते. भर दुपार, स्वच्छ ऊन. दाजी उरलेला कळप घेऊन वर गेले होते. मी शेण्या आणायला वाड्यामागे गेले आणि वळले, तर ती समोर. तू आणि मी चुलीपाशी बसतो तेवढ्यावर. खाली बसलेली, शेपूट पायांभोवती गुंडाळून. तू म्हणतोस ना, लांबून बघते आणि जाते? ती गेली नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, गोंचिग. पोटाकडे बघत होती. किती वेळ, मला माहीत नाही. पोटात लेकरू एकदम फिरलं, आणि मी किंचाळले तेव्हा ती उठली.

आता सांग, त्या म्हाताऱ्याने तिला सोडताना काय म्हटलं? कशासाठी सोडली? नुसती सोडली, की कुणाकडे पाठवली? दाजी जेवत नाहीत. ताट पुढे ठेवलं की म्हणतात, "ती आपल्याकडेच का येते?" मला उत्तर दे. लवकर दे.

सेवजिद

---

दक्षिण दरी
१५ डिसेंबर

ताई,

बालदानचा ट्रक उभाच आहे म्हणून घाईत लिहितोय. सोबत तारेच्या जाळीची दोन भेंडोळी पाठवतोय. आमच्याकडची आहे, प्रोफेसरबाईंना विचारून घेतली. मेंढवाड्यावर वरून टाका, कडेने दगड ठेवा, आणि दार आजच्या आज बसवा. कृपा कर. तिला आत उडी मारता आली नाही तर ती पुन्हा बोकडांमागे जाईल. उघड्या वाड्यात पळापळ झाली की ती थांबू शकत नाही, ते तिच्या रक्तातच आहे. त्यात राग नाही, शाप नाही, काही नाही.

ती तुझ्या पोटाकडे बघत नव्हती गं. तू हातात शेण्यांची टोपली घेतली होतीस ना? ती टोपलीकडे बघत असेल.

जाळी टाकल्याने अपमान होत नाही. सोडलेल्या जनावराला मारायचं नसतं एवढंच. त्याला आपलं सगळं वाढून द्यायचं असं कुणी सांगितलंय? म्हाताऱ्यानेही तसं काही सांगितलेलं नाही. दाजींना नीट समजाव. आणि टिन बडवा, आरडाओरडा करा, हाकला तिला. दगड मात्र मारू नका.

त्या म्हाताऱ्याला मी विचारीन. पण तो आता इथे नाही, खाली गेलाय.

तू एकटी बाहेर पडू नकोस.

गोंचिग

---

लाल कडा
२ जानेवारी

गोंचिग,

जाळी पोचली. आली तशीच गुंडाळलेली वाड्यामागे पडलीय. दाजी तिला हात लावत नाहीत, मला लावू देत नाहीत. म्हणाले, "एकदा तार वापरली, तेवढी पुरे झाली."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, कसली तार? तेव्हा ते बोलले. चुलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बोलले, मी एकेक शब्द ऐकत होते. आता तुलाही सांगते. वाचून झालं की हे पत्र जाळ.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुझ्या दाजींनी एक मारलाय. मोठा नर. खिंडीखालच्या घळीत तारेचा फास लावला होता. लांडग्यासाठी लावला होता म्हणतात. मी मान डोलावली, पण लांडगा त्या घळीतून जात नाही हे मलाही कळतं. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो जिवंत होता. पाय हाडापर्यंत कापला गेला होता. ओरडत नव्हता, नुसता बघत होता. कातडं त्यांनी सरहद्दीकडून आलेल्या एका माणसाला दिलं आणि आमची मोटारसायकल आली. मला म्हणाले होते की चुलत्याने दिली. मी त्या मोटारसायकलवर मागे बसून जत्रेला गेलेय, गोंचिग, नवे बूट घालून, हसत. आणि त्याच वसंतात माझं लेकरू गेलं.

आता तूच जुळव. डोंगराचं एक आम्ही घेतलं. आमचं एक गेलं. मला वाटत होतं की देवाणघेवाण पुरी झाली असेल, असं काही असतं तर. आणि आता माझ्या पोटात दुसरं आहे, आणि दारात ती येऊन बसते, डोंगराची पट्टी गळ्यात घालून.

दाजींनी ठरवलंय. डोंगर आम्हाला हाकलतोय, तर जायचं. वीस तारखेचा दिवस चांगला निघालाय. खिंड ओलांडून पलीकडे, त्यांच्या मावसभावाच्या तळावर. हो, मला माहीत आहे जानेवारीत खिंडीत काय असतं. थुंकी जमिनीवर पोचत नाही, वरच गोठते. मला आठवा सरत आलाय. उंटावर बसेन. खोर्लोला माझ्या कातड्यात घेईन. वाटेत दोन मुक्काम उघड्यावर होतील. पण इथे बसून वाट बघणं मला आता होत नाही रे. काल तिचं खोकल्यासारखं बोलणं गेरच्या अगदी मागे ऐकू आलं. खोर्लोने माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "आई, याला झाकून ठेव."

आजारी पडलेल्या सहा मेंढ्या वाड्यात ठेवून जाणार आहोत, तिच्यासाठी.

वाईट काही झालं तर माझ्या पेटीतलं चांदीचं भांडं खोर्लोचं. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

ताई

---

दक्षिण दरी
१३ जानेवारी

ताई,

जाऊ नका. निघाला असाल तर परत फिरा. हे पत्र दाजींना वाचून दाखव, आधी तू वाच, पण एकही ओळ गाळू नकोस.

म्हातारा कुणी नाही. कधीच नव्हता. पट्टी मी बांधली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती आमच्या फासात आली. आमचा फास मऊ असतो, पाय कापत नाही. सुई मारून तिला झोपवलं. तिच्या गळ्यात एक काळा पट्टा अडकवला, त्यात यंत्र आहे, ती कुठे फिरते ते वर आकाशातून कळतं. हिवाळ्याचे केस आलेत म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. प्रोफेसरबाई वहीत वजन लिहीत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी खिशातून निळी पट्टी काढली आणि त्या पट्ट्याला बांधली. मंत्र म्हटला नाही, दूध शिंपडलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. प्रोफेसरबाईंना आजही माहीत नाही, कळलं तर मला हाकलून देतील.

का बांधली? कारण तिच्याआधी जिला पट्टा घातला होता, तिचा पट्टा आम्हाला नदीत सापडला, सुरीने कापलेला. तिची तीन पिल्लं मी कपारीत शोधून काढली. एकमेकांना चिकटून मेली होती. मला वाटलं, आपल्या माणसांना कायद्याची भीती नाही, साहेबाची नाही, पण निळ्या पट्टीवर कुणी बंदूक रोखणार नाही. आणि खरंच नाही रोखली! तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी उडी मारली ती त्यासाठी. माझी युक्ती लागू पडली म्हणून. मोठा हुशार ना मी! तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण दाजींनी गोळी घातली असती, आणि ती गेली की पिल्लंही गेली, म्हणून मी म्हातारा उभा केला, मंत्र उभे केले, भरभराट उभी केली. तू घाबरतेयस हे दुसऱ्या पत्रात दिसत होतं, तरी मी जाळी पाठवली आणि खरं पाठवलं नाही.

तिला कुणी पाठवलेलं नाही, ताई. ती भुकेली आई आहे, आणि तुमचा वाडा उघडा आहे. बाकी काही नाही. तुझं लेकरू तापाने गेलं. दाजींनी केलं ते वाईटच, पण त्याचा तुझ्या बाळाशी काही संबंध नाही.

दाजींना म्हणावं, बंदूक काढा. ती तुमचीच मेंढरं खातेय, घाला गोळी. मी कुणालाही काही बोलणार नाही, घळीतल्या नराबद्दलही नाही. मला ती हवी आहे, खोटं कशाला बोलू, पण तुझ्याऐवजी नको. खिंडीत मात्र जाऊ नका.

मी स्वतः यायला हवं. बालदान ट्रक सोडून उंटावरून यायला तयार झाला, मला म्हणाला चल. मी पाय मागे घेतला. खिंडीची भीती नाही वाटली, दाजींच्या तोंडासमोर उभं राहायची वाटली. हेही वाचून दाखव त्यांना.

मला माफ करू नकोस, फक्त परत फिर.

गोंचिग

---

लाल कडा
२६ फेब्रुवारी

गोंचिग,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण हात रिकामे नव्हते आणि मनही ठिकाणावर नव्हतं.

बालदान लाल कड्यावर पोचला तेव्हा गेरची जागा रिकामी होती. त्याला माणसाचं काळीज आहे म्हणून तो तसाच आमच्या मागावर आला. खिंडीच्या पायथ्याशी, एक मुक्काम उघड्यावर काढून आम्ही दुसऱ्या दिवशीची तयारी करत होतो तिथे त्याने गाठलं. खोर्लोचा डावा गाल तोवर थंडीने काळा पडला होता. एक उंट बसला तो उठलाच नाही. मला मध्येच कळा येऊन गेल्या होत्या, मी कुणाला बोलले नव्हते.

तुझं पत्र मी वाचलं. एकही ओळ गाळली नाही. दाजींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि बालदानला म्हणाले, "तू वाच. हिने पदरचं घातलं असेल." बालदानने वाचलं. मग दाजींनी उंटांची तोंडं फिरवली. त्या वेळी मला एवढंच कळलं की आता आपण गोठून मरणार नाही. तुला त्याबद्दल शिव्या देऊ की आशीर्वाद, अजून ठरवलेलं नाही.

परत आलो तेव्हा सकाळ होती. ती वाड्यातच होती, दोन्ही पिल्लं घेऊन. ठेवलेल्या मेंढ्यांतली एक फाडलेली, पिल्लं त्यात तोंड घालून बसलेली. दाजींनी नमदा सोडला, बंदूक काढली, गोळी भरली. भिंतीच्या खाचेत नळी टेकवली. मी मागे उभी होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटत होतं, वाजव. वाजव एकदाची, संपव. मग वाटत होतं, नको. ती मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली.

ते उठले. बंदूक रिकामी केली. म्हणाले, "गोंचिगने बांधली हे खरं आहे, मला माहीत आहे. तरी बोट वाकत नाही."

ती निघून गेल्यावर त्यांनी दार बसवलं आणि तुझी जाळी टाकली. दगड मी दिले, एकेक, बसल्या बसल्या. त्यानंतर ती दोनदा आली, जाळीवर चालली, खाली मेंढ्या ओरडत होत्या. तिला काही मिळालं नाही. आता वर कड्यावर दिसते कधी कधी. परवा बोकड मारलेला दिसला. म्हणजे तू जाळीबद्दल खरं लिहिलं होतंस. एवढं मानते.

पण बाकीचं? तू मला लिहितोस की तिला कुणी पाठवलेलं नाही. मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलंय, फाटायला आलंय. मला सांग, एवढा मोठा डोंगर, त्यात तुमच्या फासात तीच का आली? ज्याने घळीत नर मारला त्याच्याच मेहुण्याच्या हाताने तिला पट्टी का बांधली गेली? आणि एवढ्या दऱ्या सोडून ती ज्याने मारला त्याच्याच दारात येऊन का बसली? तू म्हणशील, बोकड इकडे उतरले म्हणून. ठीक आहे. बोकड इकडे का उतरले? तू बांधलीस ना पट्टी? मग तुझ्या हाताकडून ती कुणी बांधून घेतली, हे तुला कुठून कळणार? तुझ्या आकाशातल्या यंत्राला कळतं का ते?

दाजी म्हणतात, मंत्र नसला तरी गाठ पडली ती पडली, आणि ज्याने बांधली त्यानेच ती जन्मभर सांभाळायची असते. तेव्हा ती आता तुझी. तिला काही झालं तर डोंगर तुला विचारेल. हे ते रागाने म्हणाले नाहीत. तू सांभाळून राहावंस म्हणून म्हणाले. मोटारसायकल त्यांनी घळीत ढकलून दिली. मी अडवलं नाही.

आणि आता बातमी. बारा दिवसांपूर्वी मुलगा झाला. बालदानची बायको आली होती सुटकेला. आई-बाळ दोघंही जिवंत आहेत. खूप रडतो, खूप पितो. डोळे आपल्या वडिलांसारखे आहेत, आणि खोर्लो त्याला क्षणभर खाली ठेवू देत नाही. याच्याइतकं देखणं मूल मी आजवर पाहिलेलं नाही, आणि हे मी फक्त कागदावर लिहितेय, तोंडाने उच्चारलेलं नाही. नाव ठेवलंय एनेबिश. म्हणजे काय ते तुला सांगायला नको: हा नव्हे. कुणी शोधत आलं तर त्याला कळावं, तो हा नव्हे.

दाजींनी तुला बोलावलंय. ये, तोंड लपवू नकोस, मारणार नाहीत. फक्त एक ऐक. गेरमध्ये शिरलास की हसू नकोस, बाळाला उचलू नकोस. दारातच थांब, पडदा उघडा ठेव, त्याच्याकडे बघ आणि म्हण, "शी, किती घाणेरडं पोर आहे हे! कुणाला हवंय असलं?" मोठ्याने म्हण, गोंचिग. वर कड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ताई